कृष्णेचा जलप्रवास आणि विजयपुरीच्या उपासिका

पालि विनयाच्या गणनेत ऋतू तीनच आहेत : गिम्ह, वस्सान आणि हेमन्त. ज्याला आपण शरद म्हणतो तो काळ सुत्तांत वर्षाऋतूच्या अखेरच्या महिन्याला जोडून येतो, आणि ढग ओसरलेले स्वच्छ आकाश ही त्याची खूण म्हणून सांगितली जाते. आश्विन पौर्णिमेची पवारणा, तीनंतरचा महिनाभर कठिन चीवरदानाचा काळ आणि कार्तिक पौर्णिमेला वर्षाऋतूचे चार महिने पूर्ण होणे, हा क्रम वाचकांना विदित आहेच. या सुमारास वाटा कोरड्या होत, नद्यांचे पूर ओसरत, आणि भिक्खू चारिकेस निघत. चारिका म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पायी चालणारा भिक्खुसंघ उभा राहतो. ते योग्यच आहे. तथापि विनयपिटकात नावेनेही बरीच जागा व्यापलेली आहे, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

महावग्गातील वस्सूपनायिकक्खन्धकात भगवंतांनी गोकुळात, तांड्याबरोबर आणि नावेवर वर्षावास करण्यास अनुज्ञा दिली आहे. ज्या अर्थी असा नियम करावा लागला, त्या अर्थी पावसाळ्याचे तीन महिने नावाड्यांच्या व व्यापाऱ्यांच्या सोबतीने पाण्यावर काढणारे भिक्खू होते, हे उघड आहे. भिक्खुपातिमोक्खातील अठ्ठाविसावा पाचित्तिय नियम तर नावेविषयीच आहे. भिक्खूने भिक्खुनीबरोबर ठरवून एकाच नावेतून प्रवाहाच्या दिशेने किंवा प्रवाहाविरुद्ध प्रवास करू नये, मात्र पैलतीरी जाण्यापुरती मोकळीक आहे. ही मोकळीक मागाहून आली. नियमाच्या भयाने भिक्खूंनी भिक्खुनींना मागे ठेवले, त्या उशिरा नदी उतरल्या आणि वाटेत चोरांच्या तावडीत सापडल्या, अशी निदानकथा सुत्तविभंगात आहे. नियम बदलला तो स्त्रियांवर ओढवलेल्या आपत्तीमुळे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रस्तुत लेखाचा विषय एक दक्षिणी नदी आणि तिच्या काठच्या स्त्रिया हाच आहे.

ही नदी म्हणजे कृष्णा. तिला परकी मानण्याचे महाराष्ट्रातील वाचकाला काही कारण नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून ती सुमारे १,४०० किलोमीटर वाहते आणि बंगालच्या उपसागरास मिळते. कऱ्हाडजवळ, कोयनेच्या संगमापासून थोड्या अंतरावर, आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. भारहुतच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत ‘करहकट’ नगराचे नाव येते, ते हेच कऱ्हाड. भीमाशंकरहून निघालेली भीमा कर्नाटकात कृष्णेला मिळण्यापूर्वी सन्नती व कनगनहळ्ळी या गावांवरून जाते. सन्नतीला १९८६ मध्ये देवळातील मूर्तीच्या बैठकीखाली वापरलेल्या शिळेवर अशोकाच्या आज्ञा आढळल्या. कनगनहळ्ळीच्या स्तूपाच्या उत्खननात ‘रायो असोको’ असे नाव कोरलेले त्या राजाचे शिल्प मिळाले. पुढे नल्लमलाचे डोंगर ओलांडले की विजयपुरी, मग धान्यकटक म्हणजे आजची अमरावती, भट्टिप्रोलू, आणि मुखाशी घंटसाल. घंटसालच्या एका प्राकृत लेखात ‘महानाविक’ सिवक याचे नाव आहे. टॉलेमीने ज्या बंदराचा उल्लेख केला ते कंटकसोल हेच, असे विद्वान मानतात. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत एका जलप्रवाहाने ओवलेली ही स्थानांची माळ आहे. आपल्याकडील यात्रा मात्र अजिंठा, वेरूळ, नाशिक, कार्ले येथून एकदम उत्तरेकडे वळतात. अशोक विजयादशमीनंतर निघणाऱ्या किती बसगाड्या कृष्णेच्या वाटेने जातात, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

कार्तिकाच्या शुक्ल पक्षात आम्ही काही सहाध्यायींसमवेत विजयपुरी दक्षिण येथील धक्क्यावरून लाँचने नागार्जुनकोंड्यास गेलो. अंतर सुमारे ११ किलोमीटर आहे, आणि पाऊण तास ते एक तास लागतो. पावसाळा संपून जलाशय भरलेला होता. पाठीमागे धरणाची भिंत लहान होत गेली, दोन्ही बाजूंना लालसर खडकाच्या उघड्या टेकड्या, दूर कडेला तेलुगूत ज्यांना पुट्टी म्हणतात त्या गोल टोपलीसारख्या होड्यांतून जाळी टाकणारे मासेमार, आणि इंजिनाच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नाही. कृष्णा इतकी संथ कशी, असे सोबतच्या एका तरुण उपासकाने विचारले. नदी संथ नाही; ती थांबविलेली आहे, हे त्याचे उत्तर. आम्ही ज्या पाण्यावरून जात होतो ते जवळजवळ १२४ मीटर उंचीच्या धरणाने अडविलेले पाणी होते. या खोऱ्यातून जाणारी मूळची कृष्णा खडकाळ पात्रातून धावणारी होती. शांतता ही १९६७ नंतरची आहे.

या शांततेखाली काय आहे ते थोडक्यात सांगतो. तीन बाजूंना नल्लमलाच्या शाखा आणि चौथ्या बाजूला कृष्णा, अशा सुरक्षित खोऱ्यात इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात इक्ष्वाकु राजांची राजधानी विजयपुरी वसली. सातवाहनांचे साम्राज्य मोडल्यावर वासिष्ठीपुत्र चांतमूल, त्याचा पुत्र माठरीपुत्र वीरपुरुषदत्त, नातू एहुवुल चांतमूल आणि पणतू रुद्रपुरुषदत्त यांनी येथून सुमारे शंभर वर्षे राज्य केले. मग हे नगर विस्मृतीत गेले. मद्रासच्या पुराभिलेख विभागातील रंगस्वामी सरस्वती यांनी १९२६ मध्ये हे अवशेष प्रथम विद्वानांच्या नजरेस आणले. माचर्ला स्थानकावर उतरून डोंगर ओलांडल्याशिवाय तेथे पोहोचणे त्या काळी शक्य नव्हते. १९२७ ते १९३१ या काळात लाँगहर्स्ट यांनी उत्खनन केले. प्राकृत शिलालेखांचे वाचन डच पंडित फोगेल यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले. पुढे टी. एन. रामचंद्रन यांनी काम चालविले.

१० डिसेंबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी नागार्जुनसागर धरणाची कोनशिला बसविली. त्यापूर्वीच, १९५४ पासून, खोरे बुडण्याआधी जेवढे वाचवता येईल तेवढे वाचविण्यासाठी आर. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली मोठे उत्खनन सुरू झाले होते. ते १९६० पर्यंत चालले. शंभरांहून अधिक स्थळे खोदली गेली. त्यांत विहार, स्तूप, चैत्यगृहे होती, तशीच कार्तिकेय व अष्टभुजस्वामी यांची देवालये, प्रेक्षागार, हौद आणि घाटही होते. त्यांपैकी नऊ वास्तू दगड न् दगड क्रमांक घालून हलविल्या आणि नागार्जुनकोंडा टेकडीच्या माथ्यावर पुन्हा उभ्या केल्या. काहींच्या लहान प्रतिकृती केल्या. काही वास्तू, त्यांत ते प्रेक्षागार, काठावरील अनुपू येथे नेल्या. टेकडीवर १९६६ मध्ये संग्रहालय झाले. ४ ऑगस्ट १९६७ रोजी कालव्यांत पाणी सोडले गेले. टेकडीचे बेट झाले, आणि बाकीचे खोरे पाण्याखाली गेले.

पलनाड आणि नलगोंड्याच्या कोरड्या जमिनीला या पाण्याने भात पिकविता आला, याविषयी आम्हास तक्रार करावयाची नाही. पोट भरलेल्याने इतिहासासाठी दुसऱ्याचे पाणी नाकारावे, हे धम्माला धरून नव्हे. परंतु काय वाचवावे आणि काय बुडू द्यावे ही निवड कोणत्या तरी दृष्टीने होत असते, व ती दृष्टी तपासून पाहणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे. नदीकाठचा स्नानघाट उचलून टेकडीवर मांडला आहे. आता त्याच्या पायऱ्या नदीत उतरत नाहीत. त्या गवतात उतरतात. वास्तू वाचली, तिचा नदीशी असलेला संबंध गेला. महाचैत्यापासून भिक्खूंच्या कोठड्या किती पावलांवर होत्या, सिंहली भिक्खूंचा विहार नगराच्या कोणत्या बाजूला होता, घाटावर उतरलेला प्रवासी प्रथम कोठे वळत असेल, हे आता नकाशावरच पाहावे लागते.

लाँचवर ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगणारा गृहस्थ उत्साही होता. आचार्य नागार्जुनांनी येथे विद्यापीठ चालविले, औषधी बनविल्या, लोखंडाचे सोने केले, असे त्याने सांगितले. बेटाचे नाव नागार्जुनकोंडा, धरणाचे नाव नागार्जुनसागर. तेव्हा ऐकणाऱ्याने दुसरे काय समजावे? शून्यतेचा सिद्धान्त मांडणाऱ्या त्या महान आचार्यांविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे. सातवाहन राजाला उद्देशून लिहिलेले ‘सुहृल्लेख’ हे पत्र त्यांचे म्हणून परंपरेने जपले आहे, आणि आंध्रदेशाशी त्यांचा संबंध जोडण्यास ती परंपरा पुरेशी आहे. परंतु विजयपुरीतील इक्ष्वाकुकालीन एकाही लेखात नागार्जुनांचे नाव नाही. जग्गय्यपेटच्या एका लेखात ‘भदन्त नागार्जुनाचार्य’ असे नाव येते खरे, पण त्याची लिपी कित्येक शतकांनंतरची आहे. टेकडीचे नाव मागाहून रूढ झालेले आहे. एका थोर पुरुषाच्या नावाखाली सबंध नगर झाकले गेले, आणि ज्यांनी ते उभारले त्यांची दगडात कोरलेली नावे प्रवाशांच्या कानी पडेनाशी झाली.

ती नावे बहुतांशी स्त्रियांची आहेत.

पहिला राजा चांतमूल हा वैदिक धर्माचा अभिमानी होता. अग्निहोत्र, अग्निष्टोम, वाजपेय आणि अश्वमेध त्याने केले, व विरूपाक्षपती महासेनाचा अनुग्रह त्याच्यावर होता, असे लेखांत म्हटले आहे. गंमत अशी की ही माहिती आपणांस कळते ती मुख्यतः बौद्ध स्तूपाच्या खांबांवरून. कोरविणारी त्याची सख्खी बहीण चांतिसिरी. ती महासेनापती महातलवर खंदसिरी याची पत्नी आणि वीरपुरुषदत्ताची आत्या. आपली कन्या तिने वीरपुरुषदत्ताला दिल्यामुळे ती त्याची सासूही होती. आतेबहिणीशी विवाहाची ही दाक्षिणात्य रीत लेखात स्वच्छ दिसते. वीरपुरुषदत्ताच्या सहाव्या राज्यवर्षी महाचैत्याचे काम पुरे झाले, त्यात चांतिसिरीचा वाटा सर्वांत मोठा. तिने स्तूपाच्या आयक मंचावर खांब उभारले, जावयाच्या दीर्घायुष्याची व जयाची इच्छा केली, दोन्ही कुळांचे हित चिंतिले आणि स्वतःसाठी निर्वाणसंपदा मागितली.

तिच्या वर्णनात एक शब्द असा आहे की पालि वाचणाऱ्याने तेथे थांबावे. श्रमण, ब्राह्मण, दीन, याचक यांना अखंड धारेने दान देणारी, आणि जिचे दान ‘वेलामिक’ दानाच्या तोडीचे आहे अशी, असे तिला म्हटले आहे. हा वेलाम म्हणजे अंगुत्तरनिकायाच्या नवकनिपातातील वेलामसुत्तातला. अनाथपिण्डिकाला उद्देशून भगवंतांनी हे सुत्त सांगितले. वेलामाने सोन्याची, चांदीची पात्रे, हत्ती, रथ, गाई, अन्न यांचे अपार दान केले. पण दृष्टिसंपन्न एका व्यक्तीला दिलेले भोजन त्याहून श्रेष्ठ. पुढे चढत्या क्रमाने चारी दिशांच्या संघासाठी विहार बांधणे, तीन रत्नांस शरण जाणे, पाच शीले स्वीकारणे, क्षणभर मैत्रीची भावना करणे, आणि सर्वांत वर, चुटकी वाजवण्याइतका वेळ का होईना, अनित्यतेची संज्ञा जोपासणे. चांतिसिरीचा लेख रचणाऱ्याला हे सुत्त ठाऊक होते. तिला वेलामाची उपमा देताना त्या सुत्तातील पुढच्या पायऱ्या त्याच्या मनात नसतील असे आम्हास वाटत नाही. कारण उपमा ज्या खांबावर आहे तो खांब संघासाठी उभारलेल्या चैत्याचाच आहे.

हे केवळ तर्काने सांगत नाही. महाचैत्याचे नवकर्म ज्याच्या देखरेखीखाली पुरे झाले त्या भदन्त आनंदाचे वर्णन ‘दीघ-मज्झिम-निकायधर’ असे केलेले आहे. दीघ आणि मज्झिम हे निकाय ज्याला मुखोद्गत होते असा भिक्खू बांधकामाचा नवकम्मिक होता. आपल्या हाती छापील तिपिटक आहे. त्या काळी ते माणसांत होते, आणि अशी माणसे या खोऱ्यात गवंड्यांच्या सोबत उभी राहून काम पाहत होती. लाँगहर्स्ट यांना महाचैत्यात फुटलेल्या मृत्पात्रात चांदीचा करंडक मिळाला, त्यात सोन्याची इवलीशी डबी आणि तीत अस्थीचा कण. लेखांत या चैत्याला धातूने युक्त म्हटले आहे. तो अस्थिकण पुढे सारनाथच्या मूलगंधकुटी विहारास देण्यात आला.

चांतिसिरी एकटी नव्हती. उज्जयिनीच्या महाराजाची कन्या रुद्रधरभट्टारिका हिने खांब व १७० दिनारि-माषक दिले. शकांच्या घरातून आलेली ही राणी असावी. चांतमूलाची कन्या अडवि चांतिसिरी, हंमसिरीच्या मुली बपिसिरी व छठिसिरी यांचेही खांब आहेत. वीरपुरुषदत्ताची राणी भट्टिदेवा हिने बहुश्रुतीय आचार्यांसाठी विहार बांधला. एहुवुलाची बहीण कोडबलिसिरी वनवासाच्या महाराजाला दिली होती. तिने भावाच्या अकराव्या राज्यवर्षी महीशासक आचार्यांसाठी विहार उभारला. राजे यज्ञ करीत होते, आणि त्यांच्या बहिणी, राण्या, सुना, मुली निरनिराळ्या निकायांच्या संघांना आश्रय देत होत्या. यास काही विद्वान राजनीती म्हणतात : पुरुषांनी वैदिक बाजू सांभाळावी, स्त्रियांनी बौद्ध. आम्हास हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. राजनीती असती तर कोणत्या निकायाला दान द्यावे याची इतकी बारीक निवड स्त्रियांनी केली नसती. अपरमहाविनसेलिय, बहुश्रुतीय, महीशासक, थेरिय ही नावे ज्या अचूकपणे लेखांत येतात, तो अचूकपणा श्रवण केलेल्यांचा आहे.

याचा पुरावा राजघराण्याबाहेरही आहे. गोवगामच्या रेवत गहपतीच्या कुटुंबातील उपासिका बोधिसिरी हिने वीरपुरुषदत्ताच्या चौदाव्या राज्यवर्षी चुलधम्मगिरीवर चैत्यगृह बांधले. ते तिने तंबपण्णीच्या, म्हणजे सिंहलद्वीपाच्या, थेर आचार्यांना अर्पण केले. या आचार्यांनी काश्मीर, गंधार, चीन, चिलात, तोसली, अवरंत, वंग, वनवासी, यवन, दमिल, पलुर आणि तंबपण्णीद्वीप येथील लोकांना श्रद्धावान केले, असे लेख सांगतो. यातील अवरंत म्हणजे आपला अपरांत, कोकण. मुखाकडून नावेने आणि वाटेने आलेला समुद्रापारचा भिक्खू या खोऱ्यात बसून कोकणची गोष्ट सांगत असेल, याची कल्पना करण्यास हा लेख आधार देतो. याच परंपरेचा दुसरा एक लेख बुद्धपदाच्या शिळेवर आहे. त्यात थेरिय, विभज्जवादी, महाविहारवासी आचार्यांचा उल्लेख येतो. आज आपण जे पालि तिपिटक वाचतो ते या महाविहाराने जपले. बुद्धघोषाचार्यांच्या अट्ठकथांत ‘अन्धकां’ची मते येतात; कथावत्थूच्या अट्ठकथेत पुब्बसेलिय, अपरसेलिय ही नावे खंडनासाठी येतात. ग्रंथांत जे पूर्वपक्ष व उत्तरपक्ष म्हणून समोरासमोर उभे आहेत, ते विजयपुरीत शेजारी होते. एकाच उपासिकेची भिक्षा दोघांच्याही पात्रांत पडत होती.

हे आम्ही बोधिसिरीच्याच लेखावरून म्हणतो. चैत्यगृहापुरते न थांबता तिने आपल्या इतर दानांची यादी कोरविली आहे. कुलह विहारात चैत्यगृह, सीहळ विहारात बोधिवृक्षाचा प्रासाद, महाधम्मगिरीवर एक कोठडी, महाविहारात मंडपाचा खांब, देवगिरीवर प्रधानशाला म्हणजे ध्यानासाठी दालन, पुब्बसेलावर तळे व मंडप, आणि कंटकसोल येथे महाचैत्याच्या पूर्वद्वारी दगडी मंडप. म्हणजे सिंहली थेरांची ही उपासिका पुब्बसेलात तळे खोदविते, आणि नदीच्या मुखाशी असलेल्या बंदरातही मंडप उभारते. एका गृहस्थ स्त्रीचे दान कृष्णेच्या प्रवाहाबरोबर डोंगरापासून समुद्रापर्यंत गेलेले आहे. या नदीचा जलमार्ग कसा चालत होता यास याहून बोलका पुरावा आम्हास ठाऊक नाही. आज तो मार्ग अखंड राहिलेला नाही. नागार्जुनसागर, त्याखाली पुलिचिंतल, आणि विजयवाड्याला १९५७ चा प्रकाशम बंधारा, असे त्याचे तुकडे झाले आहेत. भरल्या जलाशयात वरच्या अंगाला श्रीशैलमपर्यंत नौकाविहार होतो, परंतु विजयपुरीहून कंटकसोलला नावेने जाणे बोधिसिरीनंतर आता कोणाला साधणार नाही.

आपल्याकडे नाशिकच्या लेण्यात याच शतकातील एक लेख आहे. आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या राज्यवर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी श्रेणींकडे रक्कम कायम ठेव म्हणून ठेवली. ठेवीचे व्याज औषधाला लागावे, मुद्दल तसेच राहावे, ही व्यवस्था पाहिली म्हणजे या स्त्रिया केवळ भाविक होत्या असे म्हणवत नाही. गोदावरीच्या काठी विष्णुदत्ता, कृष्णेच्या काठी बोधिसिरी. दोघीही पती, पिता, पुत्र यांची नावे सांगतात, कारण त्या काळची ओळख तशीच असे. पण दान कोणी दिले याविषयी लेखात संशय ठेवलेला नाही. क्रियापदाचा कर्ता स्त्री आहे. आपल्या वस्त्यांतील विहारांच्या देणगीफलकांवर नजर टाकावी. भिंतीला रंग, बुद्धमूर्ती, पाण्याची टाकी यांसाठी ज्या मायभगिनींनी महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकले, त्यांच्या नावांऐवजी कित्येक ठिकाणी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची नावे दिसतात. सतराशे वर्षांपूर्वीच्या विजयपुरीत लिहिणाऱ्यांना हे जमले होते.

एहुवुलाच्या काळापासून विजयपुरीच्या लेखांत प्राकृताबरोबर संस्कृत वाढत जाते, देवालयांची दाने वाढतात, आणि चौथ्या शतकात इक्ष्वाकूंची सत्ता संपते. सातव्या शतकात ह्युएन त्संग धान्यकटकास आला तेव्हा त्याने पूर्वशिला व अपरशिला या दोन विहारांची नोंद केली, व बरेच विहार ओसाड पडल्याचे लिहिले. अलीकडे, १४ मे २०२२ रोजी, जलाशयाच्या तेलंगणाकडील काठावर ‘बुद्धवनम्’ हे २७४ एकरांचे उद्यान खुले झाले. तेथे अमरावतीच्या स्तूपाची मोठी प्रतिकृती आहे. २०१४ च्या विभाजनानंतर नदी ही दोन राज्यांची सीमा ठरली, आणि बेट आंध्र प्रदेशाकडे राहिले. जाणाऱ्यांनी दोन्ही पाहावे. मात्र बेटावर उतरल्यावर बागेत रेंगाळून वेळ घालवू नये. परतीच्या लाँचची वेळ ठरलेली असते, आणि संग्रहालयातील दगडांस अवधी द्यावा लागतो. इक्ष्वाकु लेखांतील ब्राह्मी अक्षरांच्या उभ्या रेघा लांब, वळणदार ओढलेल्या आहेत. एकदा डोळ्याला सवय झाली की ‘सिरि’ हा शब्द ओळखू येतो, आणि मग तो जागोजाग दिसू लागतो.

चुलधम्मगिरीच्या चैत्यगृहाच्या फरशीवर बोधिसिरीचा लेख होता. त्याच्या अखेरीस काम पाहणाऱ्या तीन थेरांची नावे आहेत : चंदमुख, धम्मनंदी आणि नाग. त्यानंतर आणखी एक नाव येते. हे काम पाथरवट विधिकाचे, असे त्यात लिहिले आहे.